हरणाबाई, वीस बाय दहा

सरकारी अर्जाला फोटो लागतो वीस केबीच्या आतला आणि सरकारी सत्काराला फोटो लागतो वीस फुटी. ह्या दोन विसांच्या मधे जी जागा उरते, तिथे माझं दुकान आहे. जतच्या एस.टी. स्टँडमागे 'नाथाजी डिजिटल फ्लेक्स' अशी पाटी दिसेल, तोच मी नाथाजी. पाटीवर माझा फोटोही आहे.

पंधरा वर्षं ह्या धंद्यात आहे. आमच्या तालुक्यात माणूस जन्मला की फ्लेक्स, बारावी सुटला की फ्लेक्स, फौजेत भरती झाला की फ्लेक्स आणि मेला की दोन, एक श्रद्धांजलीचा आणि एक दहाव्याचा. फ्लेक्स वीस फुटी पाहिजे आणि फोटो येतो व्हॉट्सॲपवर. तोही कुणाच्या तरी लग्नात काढलेला, घोळक्यातून कापलेला, मग स्टेटसला लावलेला आणि मग त्या स्टेटसचा स्क्रीनशॉट मारलेला. माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यात नाक तेवढं खात्रीचं उरलेलं असतं. मी म्हणतो, "दादा, मूळ फोटो द्या." ते म्हणतात, "ह्योच मूळ हाय. वाढीव की जरा." जसं काय मी फोटोला खत घालतो.

दुकानात कॉम्प्युटरवर प्रियंका बसते. सांगलीला डिप्लोमा केलेली पोरगी, तोंडानं फटकळ पण कामाला चोख. फोटो वाढवला की तो फाटतो, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं काम मी तिच्याकडे दिलंय. तिला ते अजून एकदाही जमलेलं नाही.

तर हरणाबाईंचं प्रकरण. मी ते जसं घडलं तसं सांगतो, कारण सध्या तालुक्यात ते भलतंच सांगितलं जातंय आणि त्यात सगळं माझ्याच गळ्यात घातलंय.

हरणाबाई व्हनमाने, वय अडुसष्ट, मुक्काम शिंगणवस्ती. पदरी एकशे दहा मेंढरं. नवरा गेला तेव्हा चाळीस होती, ती बाईनं एकटीनं एकशे दहा केली. वस्तीवर सगळं आहे, पाणी नाही. उन्हाळ्यात मेंढरं पाण्याला न्यायची तर जायला पाच किलोमीटर आणि यायला पाच. आल्यावर ती परत तहानलेली असतात. अशात तालुका सत्कार कक्षानं 'आदर्श महिला मेंढपाळ' पुरस्कार जाहीर केला. शाल, नारळ, मानपत्र हे तर कुठल्याही पुरस्कारात असतंच. पण ह्या पुरस्कारात आणखी एक कलम होतं. सत्कारमूर्तीच्या वस्तीवर दहा हजार लिटरचा हौद बांधायचा आणि पाऊस पडेपर्यंत दिवसाआड एक टँकर त्यात सोडायचा. हरणाबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "शाल तुमी पांगरा. मला हौद द्या."

अर्ज सुनेनं, म्हणजे अंजनानं, सेवा केंद्रात जाऊन भरला. फोटोला मागं पांढरी पार्श्वभूमी पाहिजे म्हणून दारात चादर बांधली आणि बाईंना तिच्यापुढं उभं केलं. फोटो चांगला आला होता. पण वेबसाइटनं नऊ वेळा परत पाठवला. "छायाचित्राचा आकार २० केबीपेक्षा अधिक असल्याने अर्ज स्वीकारता येत नाही." मग केंद्रातल्या माणसानं तो दाबत दाबत नऊ केबीवर आणला. अडुसष्ट वर्षं, एकशे दहा मेंढरं, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण, डाव्या डोळ्यातलं फूल, पडलेले पुढचे चार दात, सगळं नऊ केबीत बसवलं. वेबसाइट खूश झाली. मूळ फोटो अंजनाच्या मोबाईलमध्ये होता, तो मोबाईल पुढच्याच आठवड्यात मेंढरांनी तुडवला.

अर्ज मंजूर झाला आणि सत्कार कक्षाचे अधिकारी विश्वजित जगदाळे माझ्या दुकानात आले. माणूस सरळ. लाच घेत नाही, शिवी देत नाही, नियम सोडत नाही. पहिल्या दोन गोष्टींमुळे तिसरीवर कुणाला बोलताच येत नाही. त्यांनी पत्र दिलं, पत्रासोबत पेनड्राइव्ह दिला. पेनड्राइव्हमध्ये एक फाईल आणि फाईलमध्ये हरणाबाई.

"वीस बाय दहा," साहेब म्हणाले. "गेल्या वर्षी सत्कारमूर्तीचा फोटो पाहुण्यांपेक्षा लहान झाला म्हणून वर्तमानपत्रात बातमी आली होती. ह्या वर्षी सत्कारमूर्तीच सर्वांत मोठी पाहिजे."

"साहेब, हा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे."

"अर्जातलाच आहे."

"मग बाईंना बोलवा की. प्रियंका नवा काढील, दोन मिनिटांचं काम."

साहेबांनी चष्मा काढला. "नाथाजी, प्रस्ताव ज्या फोटोसह मंजूर झाला, तोच फोटो छापणं बंधनकारक आहे. नवा फोटो म्हणजे नवा प्रस्ताव. नवा प्रस्ताव म्हणजे पुढचं वर्ष. तोपर्यंत मेंढ्या थांबतील का?"

मेंढरांचं नाव निघालं म्हणून मी पेनड्राइव्ह प्रियंकाकडं दिला. प्रियंकानं फोटो वीस फुटाला ओढला. स्क्रीनवर करडे, तपकिरी, काळे असे चौकोन चौकोन आले. साहेबांनी चष्मा परत लावला.

"ह्यात बाई कुठं आहे?"

"हाय की," प्रियंका म्हणाली. "लांबनं बघा. रस्त्याच्या पल्याड जाऊन."

साहेब खरंच गेले. आम्ही स्क्रीन दाराकडं वळवला. ते रस्त्यापलीकडून बघत मागं मागं सरकत स्टँडच्या भिंतीला टेकले आणि तिथून हात वर केला. परत येऊन म्हणाले, "तिथून बरी दिसते. पण मग कार्यक्रमाची बैठकव्यवस्था स्टँडवर करावी लागेल. तुम्ही असं करा, क्लिअर करा."

"क्लिअर म्हंजे काय करू, सायेब?" प्रियंकाचा आवाज चढला. "फोटोत जे आलंच न्हाई ते मी कुठनं आणू? हा डोळा बघा. सगळा मिळून सहा ठिपक्यांचा हाय. त्यात बुबुळ बसवू का पापणी?"

"ते संगणकानं ठरवायचं," साहेब म्हणाले. "त्यासाठीच तर संगणक घेतले जातात."

हल्ली एक सॉफ्टवेअर आलंय. धुरकट फोटो टाका, बटण दाबा, ते फोटो मोठा करून देतं आणि जे दिसत नाही ते आपल्या मनानं भरतं. मी ते बटण दाबायला सांगितलं. प्रियंका म्हणाली, "काका, नको. ती बाई उरायची न्हाई त्यात." मी म्हणालो, "तू दाब." हे मी कबूल करतो.

चाळीस सेकंदांत बाई तयार झाली. वय पस्तीसच्या आत. गोंदणाला सॉफ्टवेअर डाग समजलं आणि त्यानं ते पुसून काढलं. डोळ्यातलं फूल गेलं, दोन्ही डोळे टपोरे आणि एकसारखे झाले. तोंडात दात बसवले. किती बसवले ते मी मोजलं नाही, पण आणखी एक बसवायला जागा नव्हती. कानातल्या बुगड्या काही त्याला कळल्या नाहीत, म्हणून मोत्यांचे डूल घातले. मागच्या चादरीला दोन चुण्या पडल्या होत्या, त्यांचा त्यानं बर्फाचा डोंगर केला.

"जतमध्ये बर्फ?" मी म्हणालो.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "पर्यटनालाही चालना मिळेल." त्यांचा चेहरा उजळला होता. "आता कसं! कक्षानं निवडलेली व्यक्ती अशी दिसली पाहिजे." आणि त्यांनी छापील नमुन्यावर सही केली, 'अंतिम प्रत मान्य' असा शिक्का मारला आणि शिक्क्यावरही सही केली.

प्रियंका एवढंच म्हणाली, "ही हरणाबाईची नात असली तर ती पुण्यात बँकेत हाय."

आता मला सांगा, ह्यात मी जगावेगळं काय केलं? ह्या तालुक्यात फ्लेक्सवर एकही टक्कल उरलेलं नाही आणि हे सगळं माझं कर्तृत्व आहे. शिंगणवस्तीच्या सरपंचांच्या, तानाजीरावांच्या, डोक्यावर वाढदिवसाच्या फ्लेक्सला मी जे केस लावले, त्यात सुगरणीनं घरटं बांधलं असतं. त्याच वस्तीवरच्या तात्याबाच्या वडलांच्या श्रद्धांजलीला तर वडील तात्याबापेक्षा तरुण निघाले. मी घाबरलो होतो. पण तात्याबाच्या म्हाताऱ्या आईनं ते बघितलं आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आगदी आसंच दिसत हुतं." बास. त्या दिवसापासून मी कुणाला शंका विचारत नाही.

कार्यक्रम मार्केट यार्डाच्या मैदानावर ठेवला होता. मंडप, खुर्च्या, माईकवर 'चेक, चेक' आणि व्यासपीठामागे वीस बाय दहाच्या हरणाबाई. हरणाबाई सकाळी नऊलाच आल्या. नवं लुगडं, हातात काठी, सोबत अंजना. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून आल्या होत्या, म्हणून सारखं परतायची घाई. फ्लेक्सपुढं येऊन थांबल्या.

"अंजे, ही कोन गं? लय देखणी बाय हाय."

"आत्ती, खाली तुमचं नाव हाय."

"आसंल. तिचं बी नाव हरणाबाईच आसंल."

फाटकावर सत्कार कक्षाचा माणूस होता. त्याच्या हातात फ्लेक्सची छोटी प्रत. दोन वर्षांपूर्वी तासगावकडं एका आदर्श बागायतदाराचा सत्कार त्याच्या मेव्हण्यानं उरकून घेतला होता, कारण बागायतदार बेदाण्याच्या शेडवर अडकला होता. तेव्हापासून नियम निघाला, सत्कारमूर्तीची पडताळणी फलकावरील छायाचित्रावरूनच करावी. त्या माणसानं प्रतीकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, परत प्रतीकडं बघितलं.

"आजी, बाजूला थांबा. ह्या बाई येणार आहेत."

"आरं बाबा, म्याच हाय ती."

"आजी, ह्या बाईंना दात आहेत."

साहेबांना बोलावणं गेलं. साहेब धावत आले. त्यांना सगळं एका नजरेत कळलं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण चेहऱ्यावरून काय काय वाटतं त्याला अर्थ नाही, हे मला त्यानंतर चांगलंच कळलं.

"बाई," साहेब हात जोडून म्हणाले, "तुमच्याबद्दल माझ्या मनात काडीमात्र शंका नाही. पण माझं मन हा ग्राह्य पुरावा नाही. आधार आणलंय?"

आणलं होतं. आधारवरच्या फोटोत बाई आहेत की घोंगडं आहे, ह्यावर तिघांची तीन मतं पडली. अंगठा लावून बघितला, तर जन्मभर लोकर हाताळून अंगठ्याच्या रेषाच गेलेल्या. मशीन तांबडं झालं. अंजना म्हणाली, "आवं सायेब, मी सून हाय ह्यांची. मी सांगती की." साहेब म्हणाले, "नातेवाइकांची साक्ष हितसंबंधात मोडते."

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. त्यांना पुढं फलटणला दुसरा सत्कार होता. मग निवेदकानं गंभीर आवाजात जाहीर केलं की सत्कारमूर्ती अपरिहार्य कारणास्तव उपस्थित राहू शकल्या नसल्याने सत्कार त्यांच्या प्रतिमेचा करण्यात येत आहे. पाहुण्यांनी फ्लेक्सला हार घातला. शाल अंगावर राहीना, म्हणून ती फ्लेक्सच्या कोपऱ्यातल्या कडीला सुतळीनं बांधली. नारळ पायथ्याला ठेवला. मानपत्र वाचून दाखवलं, 'उन्हातान्हात, काट्याकुट्यात आपले आयुष्य वेचणाऱ्या', आणि त्या वेळी मागं बर्फाचा डोंगर चकाकत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत हरणाबाईंनीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर त्या साहेबांच्या पुढ्यात गेल्या. "सायेब, शाल तिला दिलीसा, नारळ तिला दिलासा, माजं काय बी म्हननं न्हाई. पर पानी तेवढं मला सोडा. तिला मेंढरं न्हाईत."

साहेब म्हणाले, "हौद सत्कारमूर्तीच्या नावे आहे."

हौद तर आधीच बांधून झाला होता! ठेकेदाराचं काम चोख, बाहेरून निळा रंग, त्यावर 'शुद्ध पाणी, समृद्ध पशुधन'. टँकर सोडायला फक्त लाभार्थ्याची पडताळणी बाकी होती. टँकरवाल्याच्या मोबाईलमध्ये लाभार्थ्याचा फोटो, म्हणजे फ्लेक्सवरचाच, घातलेला होता. समोर तो चेहरा आला पाहिजे, मग मोबाईल हिरवा होणार, मग पाणी. टँकर दोनदा वस्तीवर गेला. दोनदा मोबाईल तांबडा झाला. दोन्ही वेळा भरलेला टँकर हरणाबाईंच्या डोळ्यांदेखत वळला आणि मेंढरं त्याच्यामागं पळत रस्त्यापर्यंत गेली.

चौथ्या दिवशी त्या दुकानात आल्या. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. साहेबांची सही आहे, शिक्का आहे, शिक्क्यावर सही आहे. पण बाई भांडल्याच नाहीत. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तू काय वंगाळ काडलं न्हाईस, बाबा. लय चांगलं काडलंस. पर आता मला परत हाय तशी कर."

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू.

प्रियंकानं तिथल्या तिथं मोठ्या कॅमेऱ्यानं त्यांचा फोटो काढला. काय फोटो होता! गोंदणाचा ठिपका न् ठिपका, डोळ्यातलं फूल, ओठाजवळच्या रेघा, सगळं जागच्या जागी. वीस काय, चाळीस फुटाला नेला असता तरी फाटला नसता. बाईंनी तो हातात धरला आणि एकदम हसल्या. "ही बगा. ही ती." आम्ही तिघं तो फोटो घेऊन कक्षात गेलो.

"फोटो उत्तम आहे," साहेब म्हणाले. "पण हा हरणाबाईंचाच आहे, हे कोण सांगणार?"

"हरणाबाई तुमच्या म्होरं उभ्या हायत," प्रियंका म्हणाली.

"ह्या हरणाबाई आहेत हे ह्या फोटोवरून ठरवायचं आणि हा फोटो हरणाबाईंचा आहे हे ह्यांच्यावरून? असं कसं चालेल, ताई? त्रयस्थ साक्षीदार आणा. मी समिती नेमतो."

आणि त्यांनी खरंच नेमली. चेहरा सुसंगती समिती, अध्यक्ष स्वतः जगदाळे साहेब, पंधरा दिवसांची मुदत. साक्षीदाराला अट एकच घातली. त्याचा स्वतःचा चेहरा त्याच्या स्वतःच्या प्रसिद्ध फोटोशी जुळला पाहिजे, आणि तो फोटो हरणाबाईंच्या तक्रारीच्या आधीचा पाहिजे. ज्याचा स्वतःचाच फोटो खोटा, त्याची दुसऱ्याच्या फोटोबद्दलची साक्ष कशी धरायची? मला विचाराल तर मला हे पटलं. मी प्रियंकालाही म्हणालो, बघ, साहेब म्हणतात त्यात चूक काही नाही. हरणाबाईंना तालुका ओळखतो. माणसांना काय तोटा!

पहिले सरपंच तानाजीराव आले. तावातावानं आले. "ह्या म्हातारीला मी लहानपणापासनं बघतोय. हिच्या हातचं ताक पिऊन वाढलोय. कोण म्हणतं ही हरणाबाई न्हाई?" दारावर तोच फाटकावरचा माणूस होता, त्यानं त्यांचा वाढदिवसाचा फ्लेक्स मोबाईलवर उघडला, केस बघितले, मग त्यांच्या डोक्याकडं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे तानाजीराव कधी येणार आहेत?" त्यांना एक उपाय दिला गेला. 'फलकावरील केस माझे नाहीत' एवढं लिहून द्या आणि साक्ष नोंदवा. तानाजीरावांनी पेन हातात घेतलं. निवडणूक दोन महिन्यांवर होती. पेन खाली ठेवून म्हणाले, "जरा येतो मी जाऊन." ते अजून जाऊनच आहेत.

मग तात्याबा आला, हरणाबाईंचा शेजारी, कार्यक्रमाच्या दिवशी मेंढरं ह्यानंच राखली होती. त्याच्या फ्लेक्सवर सूट, काळा चष्मा आणि मागं विमान. सूट त्याचा नव्हता, हे लिहून द्यायला तो तयार होता. विमानाबद्दलही तयार होता. पण मग साहेब म्हणाले, "आणि रंग? फोटोत तुम्ही बरेच गोरे आहात." तात्याबानं हरणाबाईंकडं बघितलं आणि मान खाली घातली. पोराचं लग्न जमायचं होतं आणि पाहुण्यांना तोच फोटो पाठवलेला होता. निघताना म्हणाला, "आक्के, माफी कर. पर खरं सांगू का? त्या फ्लेक्सवर बी तू लय वळखू येतीस."

वस्तीवरच्या शाळेच्या अपेक्षा मॅडम आल्या. त्यांना कुठल्या फ्लेक्सवर जायची हौस नाही, सत्यनिष्ठ बाई. त्यांनी मोबाईलमधला स्वतःचा फोटो दाखवला. जुळेना. दुसरा दाखवला. जुळेना. मोबाईल फोटो काढतानाच गालावरचे वांग आपणहून पुसतो, हे त्यांना चार वर्षं माहीतच नव्हतं. पाच फोटो दाखवून झाल्यावर त्या बाकावर बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. साक्ष राहिलीच, हरणाबाईच त्यांना पदरानं वारा घालत बसल्या.

प्रियंकावर माझी सगळी भिस्त होती. तिचा चेहरा मी कधी फ्लेक्सवर लावलेला नाही. पण समितीला फोटो तर पाहिजे, म्हणून तिचा व्हॉट्सॲपचा डीपी उघडला. त्यात तिची तीन वर्षांची भाची. शेरा पडला, 'साक्षीदार अज्ञान, वय वर्षे तीन'.

शेवटी मी गेलो. दारावरच्या माणसानं माझ्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढून आणलेला होता. त्यात मी तिशीतला, पोट सपाट, हनुवटी एक. साहेब शांतपणे म्हणाले, "नाथाजी, तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या की तुमच्या दुकानातून निघालेल्या फोटोंतले चेहरे खरे नसतात. लगेच साक्ष घेतो. उद्या टँकर."

समोर कोरा कागद. बाकावर हरणाबाई बसलेल्या. त्यांनी मला हातानं खूण केली, लिही, लिही. मी लिहिलं असतं तर सगळा तालुका एका दिवसात टकला, काळा आणि म्हातारा झाला असता, आणि पहिला दगड माझ्या काचेवर पडला असता. मला लाज वाटली, पण सही करण्याइतकी वाटली नाही. म्हणालो, "साहेब, उद्या येतो."

हरणाबाई काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "चल अंजे. मेंढरं न्यायची हायत पान्याला."

ह्यानंतर समितीची बैठक अहवालासाठी बोलावली, तर ती झालीच नाही. दारावरच्या त्याच इमानदार माणसानं अध्यक्षांना अडवलं. कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात 'मार्गदर्शक' म्हणून जगदाळे साहेबांचा फोटो होता, तो त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला. साहेबांनी त्या माणसाची पाठ थोपटली, त्याच्या सेवापुस्तकात चांगला शेरा लिहायचं आश्वासन दिलं आणि व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले. आता त्यांनाही साक्षीदार लागतो. कक्षाच्या फायली सही करायला व्हरांड्यात नेतात आणि सही जुळते का बघून परत आणतात.

मात्र बसल्या बसल्या साहेबांनी एक चांगलं काम केलं. मुदत येत्या मंगळवारपर्यंत वाढवली आणि अटी सैल केल्या. साक्षीदार तालुक्यातलाच पाहिजे असं नाही. सांगलीचा चालेल, साताऱ्याचा चालेल, कुठलाही चालेल. हरणाबाईंना आधीपासून ओळखायचीही गरज नाही. येऊन बाईंना बघायचं, प्रियंकानं काढलेला फोटो बघायचा आणि दोन्ही एकच आहेत एवढं सांगायचं. आंधळा सोडून कुणालाही जमेल असं काम आहे. फक्त साक्षीदाराचा चेहरा त्याच्या स्वतःच्या फोटोशी जुळला पाहिजे.

कालच मी वस्तीवर जाऊन आलो. हौदाचा निळा रंग उन्हात तापून सोलायला लागलाय. मेंढरं पाच किलोमीटर चालून आली की सरळ हौदाकडं जातात, कडेला तोंडं लावतात, हुंगतात आणि तिथंच बसून राहतात. दोन कोकरं आठवड्यात गेली. हरणाबाईंनी मला चहा दिला आणि विचारलं, "नाथा, येवढ्या मोठ्या दुनियेत येक बी माणूस घावना व्हय रं?" मी म्हणालो, घावंल की. मी शब्द टाकतो.

तर तो शब्द तुमच्याकडं टाकतोय. तानाजीरावांना हसलात, तात्याबाला हसलात, मला तर हसलातच असणार, आणि हसावं असंच आम्ही वागलो. आता एवढं वाचलंय तर उठा. मोबाईल काढा, तुम्ही चारचौघांना दाखवता तो तुमचा फोटो उघडा आणि आरशापुढं उभे राहा. जुळला तर मंगळवारच्या आत पहिल्या गाडीनं जतला या, मी स्वतः स्टँडवर घ्यायला येतो. एक मिनिटाचं काम आहे आणि एकशे आठ मेंढरांचा जीव त्यात अडकलाय.

का हो? बसलात का?